बाहेरून मोजलेली घरं

पालिकेच्या मोजणीदाराला सारं शहर टेपदादा म्हणायचं, आणि घरपट्टीसाठी घर बाहेरून मोजायचं ही सूचना त्याचीच.

आधी आत शिरून खोल्या मोजत. आत शिरलं की चहा यायचा, चहामागून पाकीट यायचं, आणि एखादी खोली कागदावरून नाहीशी व्हायची. ज्याच्याकडे पाकीट नाही त्याच्या मोरीचा कट्टासुद्धा मोजला जायचा. पालिकेच्या उत्पन्नाचा भरवसा नव्हताच. एका वर्षी हातगाड्यांची फी वाढव, दुसऱ्या वर्षी पाण्याची. दात कोरून पोट भरायचा धंदा, आणि दात तेवढे गरिबांचे. म्हणून बैठकीत टेपदादा उठून म्हणाला, कुणाच्या घरात शिरायचंच नाही. बाहेरून टेप लावायचा, लांबी गुणिले रुंदी, साऱ्या शहराला एकच दर. टाळ्या पडल्या. त्याच्या वाट्याला आलेल्या पहिल्याच.

मग टेप त्याच्या थोरल्या बहिणीच्या गल्लीत आला. दगडमातीची जुनी घरं, भिंती दीड-दीड हात जाड. उन्हाला अडवणाऱ्या, थंडीला थोपवणाऱ्या, आणि निम्मं घर गिळून बसलेल्या. ताई विधवा. लोकांचे कपडे इस्त्री करायची, इस्त्रीच्या टेबलाखालीच निजायची. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं. आकडा निघाला तो समोरच्या नव्या इमारतीतल्या तीन खोल्यांएवढा. तिथल्या भिंती पुठ्ठ्यासारख्या पातळ.

"भिंतीत कोण राहतं रे, बाबा?" ताईने विचारलं.

त्याने टेप गुंडाळला. कचेरीत त्याने साहेबांपुढे जाड भिंतींची गोष्ट काढली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नियम तुमचाच, एकाला सूट दिली की शंभरजण रांग लावतील. वर्षाचं अंदाजपत्रक या आकड्यांवर मंजूर झालंय. फार तर हरकत घ्यायला सांगा, महिनाभराने फेरमोजणी मिळते.

तेच त्याने ताईला आणि भोवती जमलेल्या गल्लीला जाऊन सांगितलं. धीर यावा म्हणून एवढंही बोलला, की बाहेरचं माप घटलं तर पट्टी घटेल. दोन-चार बोटांची चूक तरी निघेल, असं त्याच्या मनात होतं. गल्लीने त्याचा शब्द न् शब्द खरा मानला.

महिन्याने तो गेला तेव्हा दारोदार मातीचे ढीग पडले होते. घराघराने आपली भिंत बाहेरून तासली होती, छिन्नीने, पहारीने, कुणी कुणी तर विळीने. ताईचे हात सोलवटलेले, चेहरा मात्र उजळलेला. एक हात माती उतरवली म्हणाली, चारी बाजूंनी. आता मोज.

त्याने वर पाहिलं. दगडात खोल रुतलेली तुळई आता जेमतेम वीतभर आधारावर टेकली होती. तिच्याखालून केसाएवढी भेग जमिनीकडे निघाली होती.

"ताई, हे घर पडेल."

"पडेल तेव्हा पडेल. तू कमी आकडा लिही आणि जा."

"अगं, तू आत असताना पडलं तर?"

"तर एक पट्टीवाली कमी." ती हसली. तो हसला नाही, तसं तिचं हसूही विरलं.

असं घर दिसलं की लाल कागद लावायचा आणि त्याच दिवशी ते रिकामं करवायचं, हा पालिकेचा जुना दंडक. कागद पिशवीत होते. त्याने एक काढला. ताईने वाचला नाही, रंग पाहूनच समजली.

"रिकाम्या घराला पट्टी किती?"

"नसते."

"मग भलंच केलंस की आमचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवलं नाही. माझ्याकडे चल म्हणाला. ती गिऱ्हाइकांचे कपडे तेवढे एकेक गठ्ठा करून बाहेर आणत राहिली, घडी मोडू न देता.

कागद चिकटवून तो वळला. गल्लीत अजून अकरा दारं होती, आणि प्रत्येक दारात मातीने माखलेलं कुणी ना कुणी हसतमुखाने त्याची वाट पाहत उभं होतं.