ठाण्यातल्या बाकाला पडलेला प्रश्न

मी पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातला बाक बोलतोय. भिंतींना कान असतात म्हणे. मग त्याच भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मला नसतील का? सुताराने घडवताना माझा एक पाय आखूड ठेवला. म्हणून कुणी बसलं की मी आधी कुरकुरतो, मग निवांत ऐकतो.

इथे सुखाने कोण येतंय म्हणा! कुणाची सायकल गेलेली, कुणाचा नवरा. वाट बघताना नखांनी माझी कड कुरतडतात. एक मात्र मला कळत नव्हतं: लोकांची ही रड रोज ऐकून पोलिसांच्या पदरात पडतं तरी काय?

परवा दुपारी हवालदारबाईंच्या लेकीने नेमकं तेच विचारलं. पोरीची पोलिसात निवड झालेली, होकार द्यायचा तो शेवटचा दिवस, आणि तिचं मन ठरेना. पत्र घेऊन ती माझ्यावर बसली.

"आई, खरं सांग. सव्वीस वर्षांत तुला मिळालं काय?"

"गुडघेदुखी. आणि तुझ्या बाबांच्या हातचा स्वयंपाक."

"म्हणजे दोन्ही दुखणीच!"

तेवढ्यात शिंपीकाका आले. त्यांचं शिलाई मशीन चोरीला गेलं होतं. बाईंनी चोर पकडला, पण कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मशीन जप्तीच्या खोलीत अडकलं. दीड वर्ष! आज हुकूम हातात होता, तरी काकांचा चेहरा पडलेला.

"गंजलं असेल हो बाई. न्यायचं आणि भंगारात टाकायचं."

बाईंनी मशीन आणून माझ्यावर ठेवलं. काकांनी भीतभीत चाक फिरवलं. सरसर फिरलं की! त्यांनी आत बोट घालून पाहिलं. बोटाला ताजं तेल.

"हे कुणी केलं?"

"दर शनिवारी दोन थेंब घालत होते," बाई रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या. "यंत्र पडून राहिलं की हट्टाला पेटतं. इथे सही करा."

"आई! आणि घरच्या मशीनचं तेल संपतं कसं म्हणून आजी माझ्यावर डाफरायची!"

"आजीला सांगू नकोस हं, बाई माझी."

गळ्यातल्या मापाच्या फितीनेच काकांनी डोळे पुसले. बाई अवघडल्या. "पाणी आणते," म्हणत पाठमोऱ्या झाल्या आणि दारापाशी एकट्याच हसल्या. असं हसू मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पोरीनेही ते पाहिलं. तिने पत्र माझ्यावर पसरलं आणि सही केली. इतकी दाबून, की अक्षरं माझ्या लाकडात उतरली.

आता इथे प्लास्टिकच्या खुर्च्या येणार म्हणे. मला काढायचं तर काढा, बाबांनो, पण जरा थांबा. प्रशिक्षणातून पहिल्या सुट्टीत पोर आईला भेटायला इथेच येणार. काय काय सांगते, तेवढं ऐकू द्या. मग माझं जळण केलंत तरी चालेल.