घरातला कापूस

कापूस घरात आला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, आणि तो आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा आहे असं अर्जुनराव सगळ्यांना सांगत होते. पाहुणा चांगलाच रमला. होळी झाली, गुढी उभारून उतरली, तरी पुढच्या खोलीतला ढीग आढ्याला टेकलेला तो टेकलेलाच. आदल्या वर्षी अर्जुनरावांनी वेचणी झाल्या झाल्या माल विकला होता, आणि त्यांची पाठ फिरते न फिरते तोच भाव असा चढला की पारावर बसणारे रिकामटेकडेसुद्धा त्यांना "घाई केली राव तुमी" असं ऐकवू लागले. ते त्यांनी मनाला लावून घेतलं. रोहिणखेडच्या अलीकडच्या त्या गावात यंदा सगळ्यांनीच ते मनाला लावून घेतलं होतं. त्यामुळे घरोघरी कापूस होता, आणि भाव रोज थोडा थोडा खाली चालला होता.

ज्यांनी कापूस फक्त वातीपुरता पाहिलाय त्यांना वाटेल, काय ते पांढरंशुभ्र वैभव! त्यांनी यावं आणि त्या वैभवाशेजारी एक रात्र झोपून दाखवावं. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. डोळ्याला दिसत नाहीत, अंगाला बरोब्बर कळतात. मानेला, कोपराच्या आत, पोटावर लाल पुरळ उठतं आणि माणूस बोलता बोलता, जेवता जेवता, देवाला हात जोडता जोडता खाजवत सुटतो. पंखा लावायची सोय नाही, कारण पंखा लावला की तंतू उडतात. कणकेत तंतू, चहात तंतू. सरकीच्या वासावर उंदीर येतात. दिवेलागणीला बल्बभोवती बोंडअळीचे करडे पतंग घोंगावतात. बीटीचं बियाणं आलं तेव्हा या अळीचा निर्वंश झाला असं भाषणात सांगितलं होतं. तो निर्वंश आता कौशल्याबाईच्या वरणात पडत होता.

कौशल्याबाई म्हणजे अर्जुनरावांची बायको. नवऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं, म्हणून ती वस्तूंशी भांडायची आणि बहुतेकदा जिंकायची. खताची रिकामी पोती उसवून, धुऊन, एकमेकांना शिवून तिने ढिगावर घालायला एक अजस्र चादर केली. तेलाचा डबा कापून, ठोकून सपाट केला आणि उंदरांच्या बिळावर बसवला. बल्बखाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं, की पतंग आपले आपण त्यात पडून मरत. अंथरुणं कडुलिंबाच्या पाल्यात उकळली. अंगाला लावायला खोबरेल तेलात कापूर घालून बाटली भरून ठेवली. शेजारची नूरजहां रोज ही कारागिरी पाहायला यायची आणि म्हणायची, "कौशल्याभाबी, इतकं डोकं मले असतं तर मी या कापसाले रातोरात काडी नसती लावली काय?"

अशा गमतीला कौशल्याबाई पूर्वी पोट धरून हसली असती. हल्ली ती नुसती "हाव वं" म्हणायची आणि हातातल्या कामाला लागायची. याला कारण होतं सागर.

सागर तिचा एकुलता एक मुलगा, तिशी ओलांडलेला. देखणा म्हणावा असा नाही, पण सरळ. व्यसन नाही, तोंडात शिवी नाही, बापाच्या बरोबरीने शेतात राबणारा. पोरीकडचे विचारायचे, काय करतो? शेती, म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि चहाचा कप अर्धा राहायचा. पहिला नकार आला तेव्हा कौशल्याबाई चुलीपुढे बसून रडली. दुसऱ्या वेळी तिने मध्यस्थाला दारात उभं करून झाडलं. पुढे पुढे नकार आला की ती भाजी चिरत असेल तर भाजी चिरून संपवायची, बस्स. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आतलं काहीतरी बधिर होऊन गेलं होतं, आणि ते तसंच राहिलेलं बरं, असं तिला वाटू लागलं होतं.

आणि अशात चिखलीकडचं स्थळ आलं. सागर मुलगी पाहून आला. मुलीने होकाराची मान डोलावली, सागरने तर परतीच्या एसटीतूनच फोन केला. आता राहिलं होतं मुलीच्या आई-बापांनी येऊन घर पाहणं. हे जमलं तर सागरचा संसार उभा राहणार होता. नाही जमलं तर पुढचं स्थळ कुणी आणणार नव्हतं. मध्यस्थ भाऊरावांनी तसं तोंडावर सांगितलं होतं: "वहिनी, याच्यानंतर माह्याजवळ कोणी नाई."

घर दाखवायचं, आणि घरात तर कापूस.

"दिसू दे ना," अर्जुनराव म्हणाले. "माल हाय घरात. चोरी थोडीच केली."

"माल दिसन, अन् संगं खाजबी दिसन," कौशल्याबाई म्हणाली. "तुमी खाजवत खाजवत पाहुण्यायले हार घालसान."

आता नवरा ऐकणार नव्हता आणि कापूस हलणार नव्हता, म्हणजे उपाय वस्तूंवरच करायचा. तिने सागरला ढिगावर चढवलं. पुढच्या बाजूचा कापूस तुडवून तुडवून त्याने त्याला पायरी पाडली. तिच्यावर पोत्यांची चादर, चादरीवर सतरंजी, सतरंजीवर नूरजहांने आणून दिलेला फुलाफुलांचा पलंगपोस. मागचा उंच ढीग दोन जुन्या साड्या जोडून झाकला. दारातून पाहिलं तर भिंतीला पडदा आणि पडद्यापुढे दिवाण. नूरजहां कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेगावच्या लॉजमधीबी असा नसन." पाहुण्यांसाठी खुर्च्या समोर मांडल्या होत्या. दिवाण फक्त पाहण्यासाठी होता, त्यावर बसायचं नाही, हे घरच्या प्रत्येकाला बजावून झालं.

पाहुण्यांना कोण बजावणार?

मुलीचे वडील हिंमतराव म्हणजे भरदार माणूस. ते आत आले, खुर्च्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि "अरे वा" म्हणत थेट दिवाणावर बसले. बसले ते बसतच गेले. कापूस दबत गेला, गुडघे वर आले, आणि हिंमतराव कमरेपर्यंत पलंगपोसात बुडाले. त्यांना हात देऊन वर काढावं की चहा तिथेच द्यावा हे कुणालाच कळेना. अर्जुनराव गांगरले आणि गांगरल्यावर माणूस पाहुण्यासाठी जे करतो तेच त्यांनी केलं: पंख्याचं बटण दाबलं.

महिनोन् महिने बंद असलेला पंखा. त्याच्या पात्यांवर बोटभर तंतू बसले होते, ते आधी आले. मग साड्यांचा पडदा फुगला, सुटला आणि मागचा ढीग उघडा पडला. खोलीभर कापूस उडाला. हिंमतरावांच्या मिशीत, मध्यस्थाच्या टोपीवर, पोह्यांच्या बशांत. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं, झालं, संपलं. आणि हे वाटतानाही छातीत काही हललं नाही.

तेवढ्यात हिंमतराव हसायला लागले. तिथेच, बुडाल्या जागी, पोट हलवून. "बंद करा हो पंखा!" ते म्हणाले. "माह्या घरीबी हेच हाय. आमी तर स्वयंपाकघरात झोपतो!" आणि त्यांनी मान तिरकी करून उलट्या नखांनी कानामागे खाजवलं. तसं फक्त कापूसवालाच खाजवतो. हात सुलट नेला तर कातडं सोलतं.

मग काय विचारता! सगळेच मोकळेपणी खाजवायला लागले. दोन्ही बाप भावावर बोलू लागले, सरकारला शिव्या घालण्यात त्यांचं आधीच सोयरपण जमलं. इकडे मुलीची आई मंजुळाबाई स्वयंपाकघरात आली, कौशल्याबाईचे हात तिने पाहिले, आणि स्वतःची बाही वर सारली. तेच पुरळ. मग दोघी पाटावर बसल्या. परातीतलं साबणाचं पाणी मंजुळाबाईने वाकून पाहिलं, डब्याच्या पत्र्यावर बोटं फिरवली, पोत्यांच्या चादरीची शिवण कशी घातली ते विचारलं. कापराच्या तेलाचं बोट कोपराला लावून घेतलं आणि डोळे मिटून म्हणाली, "माय वं, कसं गार वाटते!" जाताना तिने कौशल्याबाईचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

त्या दिवशी कौशल्याबाईला भूक लागली. कितीतरी दिवसांनी तिने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. आशा वाटणं तिला अजिबात सोसत नव्हतं, पण वाटली खरी. सागरने अंगणात नवी न्हाणी बांधायचं काढलं, तर तिने अडवलं नाही.

मंजुळाबाईचा फोन आला तो दुपारी. अर्जुनराव पारावर गेले होते. सागर ओट्यावर बसून दोराला पीळ देत होता. आईने "बोला ताई" म्हटल्याबरोबर त्याचे हात थांबले.

"ताई, त्या तेलात कापूर किती टाकता वं तुमी?" मंजुळाबाई विचारत होती. "पोरीले लय तरास हाये. रात रात झोपत नाई."

"वाटीभर तेल घ्या," कौशल्याबाई सांगू लागली, आणि सांगताना तिला फार बरं वाटत होतं. "कोमट करा. खाली उतरवा, मंग दोन-तीन वड्या चुरून टाका. चुलीवर असतानी टाकू नका, भडकते. निजताना लावा तिले, कानामागं लावा. अन् एकदा इथी आली का मंग मीच लावून देत जाईन ना."

कौशल्याबाईने फोन कानाला आणखी दाबला.

"ताई," मंजुळाबाई म्हणाली, "थेच सांगाचं होतं. कसं सांगू? घर चांगलं हाय. तुमी तर लयच चांगल्या. पोराले कुठीच नाव ठेवाले जागा नाई. पण पोरगी म्हणते, आई, मले या खाजीतून काढून त्या खाजीत टाकू नको. लय रडली. आता म्या तिले काय सांगू, तुमीच सांगा."

मंजुळाबाई खरंच विचारत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. कौशल्याबाईने शोधलं. पत्रा, पोती, साबण, पाला, सगळं मनात धुंडाळून झालं. त्या पोरीला सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिला राग यायला हवा होता, तोही आला नाही.

"बरोबर म्हणते थे," ती म्हणाली. "तेल मातर लावा तिले."

तिने फोन ठेवला. सागर तिच्याकडेच पाहत होता.

"काय म्हणे?"

"तेलाचं विचारत होत्या."

"अन्?"

तिने दोराकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. सागरला काय ते समजलं. त्याने दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "लय तरास हाये काय तिले?"

"हाव."

"आपली बाटली भरेल हाये ना. चिखलीच्या गाडीत कंडक्टरजवळ देऊन येऊ काय?"

आता तरी रडू येईल म्हणून कौशल्याबाईने वाट पाहिली. नाही आलं, आणि मग तिला स्वतःची भीती वाटली.

"नको," ती म्हणाली. "घरी करता येते त्याईले. सांगतलं म्या."

"बरं," सागर म्हणाला, आणि त्याने दोर पुन्हा हातात घेतला.