नळीवरची चिठ्ठी

"माझ्याच घरात घावला म्हनं त्यो मच्छर!" शकुबाईंनी चहाचं पातेलं शेगडीवर आदळलं. "निवृत्तीभाऊ, तुमीच सांगा आता. सहा वर्सांमागं मेल्याली चिलटं, आन माझी वाडी अजून नकाशावर लाल!"

निवृत्ती गराडे लोहगडवाडीच्या त्या टपरीतल्या बाकावर, मांडीवर खाकी पिशवी धरून बसून होता. पिशवीत टॉर्च, डास ओढायची काचेची नळी, कापसाचे बोळे आणि कोऱ्या चिठ्ठ्या. एकतीस वर्षं हाच संसार. हिवताप विभागाच्या कागदांवर त्याचा हुद्दा मोठा भारदस्त होता, कीटक समाहारक. मावळातली माणसं मात्र त्याला मच्छरवाला म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. लोकांच्या घरात शिरायचं, पलंगामागे, माठामागे, खुंटीवरच्या कपड्यांत टॉर्च मारायची, बसलेला डास तोंडाने हलकेच ओढून नळीत घ्यायचा आणि नळीवर चिठ्ठी लावायची: तारीख, गाव, घर, डास कुठे बसला होता. डास पकडणाऱ्याला गावात मान मिळत नाही, पण चहा मिळतो. महिनाअखेरीला नोकरी संपत होती. गुडघे तर त्याच्या आधीच संपले होते.

"मावशी, तुम्हाला कुणी दोष देत नाहीये," समोर लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी म्हणाली. तिचं नाव अश्लेषा. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती विषाणूंचा अभ्यास करत होती आणि तालुक्याच्या कार्यालयातून निवृत्तीचं नाव शोधून आज त्याला मुद्दाम गडाखाली घेऊन आली होती.

"दोष न्हाई म्हनता, पर गिऱ्हाईक तुटलं त्याचं काय? मागल्या ऐतवारी पुन्याची पोरं आलती. एकानं मोबाईल फुडं केला. म्हनं, मावशी, तुमच्या वाडीत डेंग्यू हाय, नेटवर दावत्यात. माझं पिठलं तसंच ऱ्हायलं, आन त्यांनी पिशवीतली बिस्किटं खाल्ली."

अश्लेषाचा चेहरा पडला. सहा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात पकडलेल्या डासांच्या नळ्या तिच्या संस्थेत गोठवून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका नळीत डेंग्यूचा विषाणू सापडला. त्याची जनुकीय साखळी अक्षर अक्षर वाचून तिनेच त्याची नोंद इंटरनेटवरच्या विषाणूंच्या भांडारात टाकली होती. जगात कुणीही ते भांडार उघडावं, नोंद उतरवून घ्यावी. कुठल्याशा परदेशी संकेतस्थळाने ती उचलून आपोआप नकाशावर लाल ठिपका ठेवला होता. ठिपक्याखाली गाव, घर क्रमांक चौदा आणि तारीख. सगळं चिठ्ठीवरून घेतलेलं, आणि चिठ्ठी निवृत्तीच्या हातची.

"भाऊ, माझी अडचण वेगळीच आहे," तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर आडव्या रेघांचं एक झाड होतं. "हे विषाणूंचे नातेसंबंध. दोघांची अक्षरं जितकी जुळतात तितके ते जवळचे. हा तुमच्या नळीतला. आणि हे तीन त्याचे सख्खे शेजारी, कान्हे-कामशेतच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातले, त्याच आठवड्यातले."

"म्हंजी भावकी," निवृत्ती म्हणाला.

"अगदी बरोबर, भावकी! आता ह्याची सगळी भावकी खाली कान्ह्याला, आणि हा एकटाच एवढ्या वर लोहगडवाडीला कसा आला? वाडीत त्याआधी नाही, नंतरही नाही. यावर दोन निबंध लिहून झालेत, डेंग्यूचे डास डोंगर चढायला लागले म्हणून. त्यातला एक माझा आहे." ती थकल्यासारखी हसली. "म्हणून म्हटलं, ज्यांनी पकडला त्यांनाच विचारावं. मावशींच्या घरात ती जागा दाखवता? तेव्हा डास नेमका कुठे बसला होता, आठवतंय का?"

निवृत्तीला सगळं आठवत होतं. दोन निबंधांतला डास डोंगर चढून गेला होता, पण निवृत्ती त्या दिवशी डोंगर चढलाच नव्हता.

त्या सकाळी पिशवी खांद्याला लावून तो दारापर्यंत आला होता. आत अनसूया, त्याची बायको, तापाने फणफणली होती. चार दिवसांपासून अंथरुणाला खिळलेली. ती एवढंच म्हणाली, "आज नगा जाऊ." तीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. तो परत फिरला. पण महिन्याच्या नळ्या दुसऱ्या दिवशी पाठवायच्याच होत्या आणि लोहगडवाडीच्या सहा कमी होत्या. दुपारी तिला डोळा लागला तेव्हा त्याने तिच्याच खोलीत टॉर्च मारली, डास भरले आणि चिठ्ठ्यांवर वाडीतल्या घरांचे क्रमांक लिहिले. डास काय, हितला काय आन तितला काय, असं स्वतःला सांगून. अनसूया त्यानंतर चौथ्या दिवशी तळेगावच्या दवाखान्यात वारली. कागदावर नुसता ताप लिहिला होता. एकतीस वर्षांत खोट्या चिठ्ठ्या त्या सहाच, आणि पुढे दुःखात त्या आजवर त्याच्या मनाआड राहिल्या होत्या.

त्याने शकुबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या. घर क्रमांक चौदा त्यांचंच. त्या वर्षी सप्टेंबरात मच्छरवाला आला नाही, त्याची बायको गेली, हे त्यांना वाडीतल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. सुतकात कान्ह्याला त्याच्या घरी येऊन पहिली भाकरी त्यांनीच करून दिली होती.

"आलते की," शकुबाई एकदम म्हणाल्या. "मला चांगलं याद हाय. चा घेतला ह्यांनी. माठाच्या मागं मच्छर बसल्यालं. लिवा तुमी, बाई."

अश्लेषा टाइप करू लागली. "म्हणजे घर पक्कं. आभारी आहे, मावशी."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. महिनाअखेरीला कार्यालयात शाल-नारळ मिळणार होता, साहेब चार शब्द बोलणार होते, त्यात 'चोख काम' हे दोन नक्की असणार होते. गप्प बसायला काहीच कष्ट नव्हते. निवृत्तीने टपरीवर नजर फिरवली. परातीत दुपारच्या गिऱ्हाइकासाठी मळून ठेवलेलं पीठ फडक्याखाली झाकलेलं होतं. गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. शकुबाईंनी त्याच्यासाठी आपल्या घराला डाग लावून घेतला होता आणि वर त्याच्यापुढे चहाचा पेलाही ठेवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मॅडम, ते खोडा," तो म्हणाला.

"काय?"

"म्या आलोच न्हवतो हितं. शकुबाई माझ्यापायी खोटं बोलत्यात. वाडीच्या सहाच्या सहा चिठ्ठ्या म्या घरी बसून लिवल्या."

शकुबाई पुटपुटल्या, "काय गरज व्हती, भाऊ?"

अश्लेषाचे हात थांबले. तिला राग आला असणार. दोन वर्षांचं काम एका माणसाच्या आळसावर उभं होतं, असंच तिला त्या क्षणी वाटलं असेल. पण ती फक्त म्हणाली, "मग डास कुठले?"

"कान्ह्याचे. माझ्या घरातले. बायको आजारी व्हती, तिला टाकून येववलं न्हाई."

शेगडीवरचा चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही. अश्लेषा पडद्यावरच्या झाडाकडे बघत राहिली. मग तिने फार हळू विचारलं, "भाऊ, त्यांना काय झालं होतं?"

"ताप."

एवढं बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्या तीन रेघा, कान्हे-कामशेतची भावकी, आणि त्यांच्या मधोमध त्याची नळी. एकतीस वर्षं तो मावळातल्या घराघरात हा डास शोधत हिंडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी त्याने तो पकडलाही होता, अनसूयेच्या उशापासून चार हातांवर, आणि नळीत घालून दुसऱ्याच गावाचं नाव लिहून पाठवून दिला होता.

"तोच होता असं खात्रीने म्हणता येणार नाही," अश्लेषा घाईने म्हणाली. "त्यांच्या रक्ताची तपासणी झालेली नाही."

"व्हय," तो म्हणाला. "न्हाई म्हनता येनार."

मग तिने सांगितलं, नोंद दुरुस्त करता येते. नव्या नोंदीला दोन नंबर लागतो, जुनी एक नंबरची तशीच मागे राहते. नकाशावरचा ठिपका आठवडाभरात हलेल. निबंधाचंही ती बघेल. फक्त दुरुस्तीचं कारण लिहावं लागतं, आणि ते कार्यालयालाही कळवावं लागेल. "मी मोघम लिहू शकते. नळ्यांची अदलाबदल झाली, असं."

"मोघम नगा. समाहारकानं खोटी चिठ्ठी लावली, असं लिवा. नाव बी घाला." त्याने पिशवीतून एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल काढली. "आन आता खरी घ्या."

त्याने मांडीवर पिशवी ठेवून, एकतीस वर्षांच्या सवयीच्या बारीक अक्षरात लिहिलं. तारीख. गाव कान्हे. घर, निवृत्ती गराडे. 'डास कुठे बसला होता' तिथे पेन्सिल अडली. मग त्याने लिहिलं, खुंटीवरची साडी. अश्लेषाने ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली.

ती गाडीने सोडते म्हणाली, पण तो दुखऱ्या गुडघ्यांनी मळवलीपर्यंत चालत उतरला आणि तिथून लोकल पकडून दुपारी कान्ह्याला घरी आला. खुंटीवर अनसूयेची हिरवी साडी होती. खुंटीला कपडे टांगू नका, डास बसतात, हे त्याने हजार घरांत सांगितलं होतं. स्वतःच्या घरात मात्र ही साडी सहा वर्षं त्याला हलवता आली नव्हती.

त्याने टॉर्च काढली. भर दुपार होती, तरी साडीची एकेक चुणी सवयीने उजेडात धरून पाहिली. कुठे काही बसलेलं नव्हतं. मग त्याने ती उतरवली, अंगणात नेऊन झटकली आणि पदर हनुवटीखाली धरून एकट्याने घडी घालायला लागला. नऊवारी साडीची घडी एका माणसाला नीट जमत नाही. तिसऱ्यांदा उलगडून त्याने पुन्हा सुरुवात केली.