कागद झटकला गेला

"और इसका डेप्थ कितना है?" बाबांनी विचारलं, आणि समिधानं डोळे मिटून घेतले.

सलग तिसरा गुरुवार. तेच मुनीरभाईंचं दुकान, तोच काचेचा काउंटर, त्यावर त्याच तीन मेटल डिटेक्टरच्या काठ्या आडव्या. बाबा ऑफिसातून परस्पर आलेले, खिशाला अजून ओळखपत्र लटकतंय. आईची अंगठी वाळूत वीतभर खाली असेल-नसेल, आणि हा माणूस विहीर खणायची असल्यासारखी खोली विचारतोय.

"बाबा, मागच्या वेळीपण हेच विचारलंत."

"वस्तू घेताना चौकशी करावी माणसानं. तुला काय घाई आहे? शाळा आहे का उद्या?"

हा टोमणा दिवसातून एकदा यायचाच. अकरावी अर्धवट सोडल्यापासून समिधा घरी होती, आणि घरात काहीही बिघडलं, अगदी फ्रीजचा दिवा गेला तरी, बाबांची गाडी फिरून तिच्या शाळेवर येऊन थांबायची. सध्या तिला भांडण नको होतं, मशीन हवं होतं.

गोष्ट खरं तर एवढीशी होती. महिन्यापूर्वी शुक्रवारी सगळे ममझरच्या किनाऱ्यावर गेले होते. आईनं भेळ केली. चमच्यानं कालवलेली भेळ तिच्या मते आजाऱ्याची, त्यामुळे तिनं बोटातली अंगठी काढली, समोर पसरलेल्या पेपरच्या कडेला ठेवली आणि पातेल्यात हात घातला. खाऊन झालं. बाबांना स्वच्छतेचं वेड. ते उठले, पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला आणि चार पावलं पाण्याकडे जाऊन फाडकन झटकला. शेव गेली, कांद्याची सालं गेली, अंगठीपण गेली.

अंधार पडेपर्यंत चौघं हातांनी वाळू चाळत बसले. आजी गेली तेव्हा तिच्या कुड्या मोडून आईनं ती अंगठी करून घेतली होती. आजीचं दुसरं काहीच आईकडे नव्हतं. त्या रात्री गाडीत बाबा म्हणाले, "जाऊ दे मंजू, गोल्ड सूक इथेच आहे, अख्खा सोन्याचा बाजार, याच्यापेक्षा चांगली घेऊ." मग आई थेट अल कुसैसमधली घरची बिल्डिंग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

पण समिधाचं डोकं खरं फिरायचं ते बाबांच्या एका वाक्यानं. शेजारच्या शहरबानू आंटीनं विचारलं, अंगठी कशी गेली? बाबा म्हणाले, "काय झालं, कागद झटकला गेला." ऑफिसातल्यांनी विचारलं, तरी तेच. झटकला गेला. जसा काही तो कागद स्वतःच उठला, अंगावरची शेव त्यानं झटकली आणि घडी होऊन पिशवीत जाऊन बसला. आई दर वेळी स्वयंपाकघरातून विचारायची, "कोणाकडून?" आणि दर वेळी बाबांना टीव्हीवर काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

पुढच्या शुक्रवारी त्याच किनाऱ्यावर टोपी घातलेला एक गोरा म्हातारा कानाला हेडफोन लावून मशीन फिरवताना दिसला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. हा रोज येत असेल तर? तेव्हा कुठे बाबा म्हणाले, आपणपण मशीन आणू. आणि तेव्हापासून हे चाललं होतं. ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेले मशीनच्या माहितीचे कागद, त्यावर पिवळ्या शाईच्या रेघा, मुनीरभाई, आणि डेप्थ.

"साब," मुनीरभाई आज पहिल्यांदाच जरा दमल्यासारखे वाटले, "शौक के हिसाब से मशीन बदलता है ना. पुराना सिक्का ढूंढना है तो अलग, रेगिस्तान में जाना है तो अलग, समुंदर का अलग. आपका शौक क्या है, वो पक्का बोलो."

"जनरल हॉबी है," बाबा म्हणाले. "थोडा बीच, थोडा डेझर्ट. कॉइन वगैरा."

समिधा बघतच राहिली. कॉइन! बाबांनी उभ्या जन्मात पोस्टाचं तिकीटसुद्धा जमवलं नव्हतं.

"डेझर्ट है तो फिर ये बडावाला लो." मुनीरभाईंनी परातीएवढं चाक लावलेली काठी पुढे सरकवली. "बहुत नीचे तक पकडता है. छोटा चीज छोड देता है, लेकिन बडा माल..."

"अच्छा अच्छा," बाबा खूश. "हे बघ समिधा, मोठं आहे. पुढे कधी उपयोगाला येईल."

"पुढे कधी?" समिधाचा आवाज एवढा चढला की रेडिओ बघायला आलेला एक माणूस वळून बघायला लागला. "छोटी वस्तू सोडून देतं म्हणतायत ते! बाबा, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"हळू बोल. दुकान आहे."

"भाईसाब, हॉबी-बिबी कुछ नहीं है. मेरी मम्मी की अंगूठी गुम हो गई है. ममझर पे."

मुनीरभाईंनी बाबांकडे पाहिलं. "अंगूठी? तीन हफ्ते से आप अंगूठी के लिए आ रहे हो? कैसे गिरा?"

"वो क्या हुआ," बाबांनी ओळखपत्र खिशात सरळ केलं, "कागज झटका गया."

"अपने आप?" समिधा म्हणाली.

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी काठीकडे पाहिलं, कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून पुटपुटले, "मैंने झटका."

मुनीरभाई हसले नाहीत. काउंटरवरच्या दोन काठ्या उचलून त्यांनी मागे ठेवून दिल्या. "पहले दिन बोलते तो पहले दिन ले जाते. सूखा रेत था या गीला?"

"गीला. पानी के पास."

"तो यही एक. बाकी दोनों नमक के पानी में खाली चिल्लाएंगे." मग त्यांनी मुठीजवळचं एक बटण दाखवलं. "इधर कचरा रिजेक्ट होता है. इसको जीरो पे रखना, हाथ नहीं लगाना. पेप्सी के कॅन का वो छल्ला होता है ना? मशीन को वो और पतला सोना, दोनों एक लगता है. कचरा बंद किया, तो सोना भी बंद. समझा?"

"समझा, समझा," बाबा म्हणाले, आणि लगेच, "कुछ डिस्काउंट?"

शुक्रवारी दुपारी उन्हं उतरल्यावर ते ममझरला पोचले. आई "तुम्हीच जा" म्हणत होती, पण गाडीत सगळ्यांच्या आधी बसली होती. तिनं चटई टाकली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. बाबांनी हेडफोन चढवले आणि काठी फिरवायला लागले.

पहिला आवाज हेडफोनबाहेरही ऐकू आला तसा धाकटा भाऊ अथर्व किंचाळला, "फाउंड इट! फाउंड इट!" समिधानं प्लास्टिकच्या खुरप्यानं खणलं. कॅनचा छल्ला. मग बाटलीचं बूच. मग चॉकलेटचा चांदीचा कागद, पुन्हा छल्ला, पुन्हा छल्ला. या देशात लोक पाणी पितात की नुसती पेप्सी? तिच्या नखांत वाळू, गुडघ्यांना वाळू, दातांखाली वाळू. पोरांचं एक टोळकं भोवती जमलं. "अंकल, क्या मिला? खजाना?" त्यांतला एक दर छल्ल्याला टाळ्या वाजवायला लागला.

मग हळूहळू आवाज यायचे बंद झाले. बाबा छाती काढून, तालात, डावीकडून उजवीकडे काठी फिरवत चालले होते. कंटाळून टोळकं पांगलं.

"आता कसं शिस्तीत चाललंय बघ," बाबा हेडफोनमुळे ओरडून म्हणाले.

मघाशी पावलागणिक कचरा होता, तो गेला कुठे? धावत जाऊन समिधानं त्यांच्या काठीची मूठ वाकडी करून पाहिली. बटण पार दुसऱ्या टोकाला.

"तुम्ही फिरवलंत हे?"

"अगं, ते जरा... फिरलं गेलं असेल."

"बाबा!!"

"अगं लोक हसत होते!" बाबांनी हेडफोन काढून हातात घेतले. "फिरवलं मी. माणूस किती वेळ कचरा उपसणार, सांग ना?"

"सगळा! सगळा उपसायचा! एकेक छल्ला! तुम्हाला लाज वाटते म्हणून सोनं काय वर येऊन हाका मारणारे?"

चटईवरून आई उठली. ओढणी कमरेला बांधत आली आणि हात पुढे केला. "इकडे द्या ते."

"मंजू, तुला जमणार नाही, त्याला एक टेक्निक..."

"द्या म्हटलं ना."

तिनं हेडफोनची वायर उपटली आणि बटण शून्यावर आणलं. वळून त्या दिवशी चटई कुठे होती ते पाहिलं, मग पाण्याकडे चार पावलं मोजून उभी राहिली. "इथून झटकलात ना?"

"हो," बाबा म्हणाले. "आणि वारा तिकडचा होता. डावीकडे."

आई डावीकडे वळली. मशीन बोंबललं. छल्ला. दोन हात पुढे, छल्ला. बाबा न सांगता गुडघ्यांवर बसले आणि इस्त्रीच्या पँटसकट खणायला लागले. समिधा दुसऱ्या बाजूनं. बूच, छल्ला, कोणाची तरी चावी. सूर्य बिल्डिंगांमागे गेला तरी कोणी थांबलं नाही. आई फक्त "खणा" म्हणायची आणि हे दोघं खणायचे.

ती बाबांच्या हातात आली. त्यांनी आधी छल्लाच समजून बाजूला टाकली, मग झडप घालून परत उचलली आणि ओंजळीत धरून तशीच आईपुढे केली. कोणाच्या तरी पायाखाली येऊन ती चेपली होती, गोल राहिली नव्हती. ओल्या वाळूनं माखलेली, लांबोडकी.

"सोनार सरळ करून देईल," बाबा घाईघाईनं म्हणाले. "दोन-तीन ठिकाणी दाखवू, कोण चांगलं करतो ते बघून..."

आईनं अंगठी कुडत्याला पुसली आणि बोटात सरकवली. पेऱ्यावर ती अडकली. आईनं दात आवळून जोर लावला. कातडी सोलवटली, पण अंगठी आत गेली.

"आई, अगं रक्त येतंय! आता निघणार नाही ती."

"नकोच निघायला."

अथर्वनं पडलेली काठी उचलून तिच्या हाताजवळ नेली. मशीन कान फाटेल असं ओरडलं. "मम्मा, यू आर व्हेरी लाउड!"

"बंद कर ते!" समिधा त्याच्यावर खेकसली. पण आई हात मागे घेईना. बोटाला फुंकर घालत ती तशीच उभी राहिली, आणि ते मशीन ओरडत राहिलं.