कवटीवाली विहीर

टेंभरीच्या तलावाकाठी, पलटणीच्या जुन्या तळावर, एक विहीर आहे आणि विहिरीवर एक लोखंडी पाटी. पाटीवर पांढरी कवटी काढलेली, खाली दोन हाडांची फुली. सक्करदऱ्याच्या पुढं शहर संपून शेतं लागतात, तिथलं हे गाव. त्या विहिरीत जहर आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आणि हेच जहर भागीरथा आणि तिची सगळी बौद्ध वस्ती पंचवीसेक वर्षं पीत आली होती. कोणाला साधी आंबट ढेकर आली नव्हती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र विहिरीवर पाऊल ठेवलं की भागीरथा आधी मागं वळून बघायची. मागचा पावसाळा कोरडा गेलेला. गावची मोठी विहीर चैतातच आटली. तलावाच्या मधोमध एक डबकं उरलं होतं, त्यातला गाळ गावच्या बाया फडक्यातून गाळून नेत. जाता-येता त्या या विहिरीकडे बघत. भागीरथाला वाटे, आज विचारतील, जहर खरंच आहे का. आज कोणीतरी विचारणारच.

आता ही जहराची भानगड सांगायला हवी.

मोठ्या लढाईच्या वेळी इथं पलटणी येऊन उतरल्या. काम काय, तर तलावावर पूल बांधायचा! सकाळी नावेला नाव जोडायची, वर फळ्या टाकायच्या, ट्रक घरघरत पलीकडे न्यायचे, आणि संध्याकाळी अख्खा पूल उचलून पुन्हा काठावर ठेवायचा. गाव म्हणे, इंग्रजाचं डोकं फिरलं. ब्रह्मदेशातल्या नद्या ओलांडायची ती तालीम होती, हे गावाला कोण सांगणार? भागीरथाचा नवरा रामाजी तिथं पाणी भरायच्या कामावर होता. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हातचं पाणी गोरे सोल्जर घटाघटा पीत आणि वर थँक्यू म्हणत. रामाजी हे मरेपर्यंत सांगत राहिला.

लढाई संपली, पलटण गेली. पत्रे, खांब, दारं लिलावात निघाली. चंपतराव पाटलाच्या गोठ्यावर अजून तळाचेच पत्रे आहेत. मागं उरले सिमेंटचे ओटे आणि ही पंपाची विहीर. पाणी असं गोड की काय सांगावं! रामाजीनं ओळखलं, आज ना उद्या गाव ही विहीर घेणार, आणि आपल्या बायांनी पुन्हा गावच्या विहिरीपासून लांब, पायऱ्यांखाली, कोणी ओतेल काय म्हणून ताटकळत उभं राहायचं. त्यानं बारूदखान्यावरची कवटीची पाटी उपटली आणि विहिरीवर ठोकली.

गावात सांगितलं, "पलटणीनं जाता जाता सारी औषधी विहिरीत लोटली गा. जहर आहे. आमाले बाधत नाही, काहून का आमाले त्याइच्या डॉक्टरनं सुया टोचल्या व्हत्या."

बरं, ज्यांना सुया टोचल्याच नाहीत ती वस्तीतली पोरं कशी जगतात, हे विचारायची बुद्धी गावात एकालाही होऊ नये? हे लोक काय, काहीही पचवतात, असं म्हणून गाव मोकळं झालं. वाहवा रे अक्कल! वस्तीनंही मग तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रामाजी गेला आणि ती मूठ सांभाळायचं भागीरथावर आलं.

आणि त्या उन्हाळ्यात प्रेमिला आजारी पडली.

प्रेमिला म्हणजे चंपतरावांची नात, दोन वर्षांची. तिची आई गोपिका बाळंतपणात अडली, तेव्हा भागीरथानंच तिला सोडवलं होतं, पोरीची नाळ कापली होती. तेवढ्यापुरती ती पाटलाच्या माजघरात गेली. पुढं मात्र अंगणाच्या कडेलाच. आता पोरीला हगवण लागली होती ती थांबेना. गोपिकाचा नवरा शहरात, गांधीबागेत कापडाच्या दुकानात होता, तो डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाला, औषध देतो, पण आधी हे गढूळ पाणी बंद करा, नाहीतर पोरगी हाती लागायची नाही. चांगलं पाणी आणायचं कुठून? सरकारी टँकर यायचा तेव्हा यायचा.

हे कानावर आलं आणि भागीरथानं ताट बाजूला सारलं. तिनं रामाजीच्या चुलतभावाला, देवाजीला, मनातलं सांगितलं. तो ताडकन उठला.

"वयनी, तोंडाले कुलूप घाल. जहर नाही हे गावाले समजलं का उद्या इथं त्याइचे पाण्याचे गुंड लागतीन. आपल्याले पायरीखाली उतरवतीन. मंग आपले पोट्टे काय पितीन, डबकं?"

"अन् ते पोट्टी मेली तं?"

"आपले किती मेले, तवा कोण आलं व्हतं वं?"

कोणी आलं नव्हतं. भागीरथाचा पहिला पोरगा पलटण यायच्या आधी अशाच उन्हाळ्यात, अशाच डबक्याच्या पाण्यानं गेला होता. देवाजीला वाटलं, ही आठवण तिला गप्प बसवेल. कसलं काय! तिच्या डोळ्यापुढून त्या पोराचे वाळलेले ओठ हलेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पितळी गुंड घासला, भरला, डोक्यावर घेतला आणि देवाजीच्या समोरून निघाली. आपण वस्तीचा गळा कापून राहिलो, असं पावलोपावली वाटत होतं. दोनदा ती थांबली, मागं वळली आणि पुन्हा चालायला लागली.

चंपतराव अंगणात लिंबाखाली बाजेवर बसून सुपारी कातरत होते. दारात गोपिका पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. पोरीची मान लुळी पडली होती, रडायचंही त्राण नव्हतं. भागीरथानं अंगणाच्या कडेला गुंड उतरवला.

"पाटील, पोरीसाठी पाणी आणलं. तळावरच्या विहिरीचं." तिनं डोळे मिटूनच बोलून टाकलं. "जहर नाही त्याच्यात. कधीच नव्हतं. माया नवऱ्यानं खोटं सांगतलं, अन् मी बी खोटं बोलत आली. काय शिक्षा द्याची ते द्या, पण पोरीले पाजा."

आता आरडाओरडा होणार, म्हणून तिनं अंग चोरलं. अडकित्ता मात्र तसाच वाजत राहिला.

"मालूम आहे," चंपतराव म्हणाले.

"जी?"

"मले काय सांगते वं? पलटणीचा साहेब जाताना मलेच म्हणे, विहीर चांगली आहे, गावाले देऊन राहिलो. रामाजीनं पाटी ठोकली, मी गप बसलो. म्हटलं, बरं झालं. तुमाले तुमची विहीर भेटली, तुमी आमच्या विहिरीवर येत नाही. कटकट नाही, तंटा नाही." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "घेऊन जाय ते. आज टँकर येइन. आमच्या घरात ते पाणी चालत नाही."

भागीरथाचे कान सुन्न झाले. इतकी वर्षं जीव मुठीत धरून सांभाळलेलं खोटं! रामाजी मरताना सुद्धा म्हणाला होता, पाटीले जप. आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून सुपारी चघळत बघत होता. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला.

"मामाजी," गोपिका दारातून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुमाले मालूम व्हतं? मी माया हातानं पोरीले गाळ पाजून राहिली, अन् तुमी बाजेवर बसून पाहून राहिले?"

"सूनबाई, घरात जा."

गोपिका घरात गेली नाही. ती पायऱ्या उतरून गुंडाकडे यायला लागली. तसे चंपतराव उठले आणि काठीनं गुंड लोटून दिला. पाणी तापलेल्या मातीत क्षणात जिरलं.

भागीरथानं रिकामा गुंड उचलला आणि वाट धरली. मागं चपला नसलेल्या पायांचा आवाज येत होता. गोपिका पोरीला छातीशी धरून येत होती, डोक्यावरचा पदर पडलेला. घराघरातून डोकी बाहेर आली. मागून पाटलाच्या हाका येत होत्या, नंतर त्याही थांबल्या.

विहिरीवर देवाजी उभा होता. पाटलाची सून बघताच तो कठड्यापुढं आडवा झाला. "पाह्यलं वयनी?" तो म्हणाला. "आली न घ्याले!"

गोपिका विहिरीच्या पायऱ्यांखालीच थांबली. तळव्यांना चटके बसत होते, पोर निपचित पडली होती, तरी तिनं पायरीवर पाऊल टाकलं नाही.

"भागीरथामाय," ती म्हणाली, "येऊ काय मी वर?"

देवाजीनं भागीरथाकडे बघितलं. भागीरथानं ऐन तरुणपणात गावच्या विहिरीच्या पायऱ्यांखाली उभं राहून हाच प्रश्न किती वेळा विचारला होता, आणि एकदाही कोणी हो म्हटलं नव्हतं. उद्या गाव इथं गुंड घेऊन येईल की काठ्या, हे तिला माहीत नव्हतं.

"ये वं बाई," ती म्हणाली. "सांभाळून ये. पायरी ओली आहे."

देवाजी बाजूला झाला. त्यानं बादली आत सोडली आणि भरून वर ओढली. भागीरथानं ओंजळ भरून पोरीच्या ओठाला लावली. पहिला घोट ओघळून गेला. दुसरा आत गेला. मग प्रेमिलानं डोळे उघडले, भागीरथाचं बोट घट्ट धरलं आणि ओंजळीत आणखी पाणी आहे का, ते शोधायला लागली.

देवाजीनं पुन्हा बादली सोडली.