घोंगडीचा कुबट वास

बानाबाईनं ट्रंक उघडली आणि मुकुंदवाडीतली ती पत्र्याची खोली कुबट वासानं भरून गेली. लेक रामकिसन चिकलठाण्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून नुकताच जेवायला बसला होता. घास हातात तसाच धरून तो म्हणाला, "आये, काय मेलंय का त्याच्यात?"

"घोंगडीय."

"मंग दे की टाकून."

टाकून दे म्हणे! धनगराच्या पोटचं पोर, आणि घोंगडी टाकायची गोष्ट करतंय! एरवी बानाबाईनं त्याला असं फैलावर घेतलं असतं की भाकरी गोड लागली नसती. पण गेल्या श्रावणापासून तिला राग येत नव्हता. रडूही येत नव्हतं. थंडीत बोटं बधिर होतात तसं तिचं आतून झालं होतं. दळायचं, थापायचं, वाढायचं, निजायचं, एवढंच चाललं होतं.

आणि घोंगडी तिची नव्हतीच. ती आवडाबाईची.

गावात बानाबाईच्या परसाच्या कुंपणापलीकडं जयभीमवाल्यांची वस्ती. आवडाबाई तिथली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मुंजाबानं, म्हणजे बानाबाईच्या नवऱ्यानं, ही घोंगडी विणून दिली होती. काळीभोर, आणि काठ लाल. असा लाल काठ त्यानं दुसऱ्या कुणाला घातला नाही, त्यामुळं शेंबडं पोरही ती घोंगडी ओळखायचं.

मग विद्यापीठाच्या नावावरून पेटलं. कुठलं विद्यापीठ, कुठलं गाव! बानाबाईनं ते विद्यापीठ बघितलंसुद्धा नव्हतं. पण भरदुपारी माणसं काठ्या, रॉकेल घेऊन वस्तीवर आली. आवडाबाई लेकीला काखेत घेऊन कुंपणाशी आली, घोंगडी पुढं करत म्हणाली, "बानाअक्का, एवढी सांभाळ." बानाबाईनं घोंगडी आत घेतली. आवडाबाईला 'आत ये' म्हणाली नाही. दार लावून घेतलं. थोड्या वेळानं धूर दिसला, तेव्हाही ती मूग गिळून बसली.

संध्याकाळी मुंजाबा म्हणाला, "ही बाहेर दिसली तर आपलं घरबी जाळतील." तेव्हा बानाबाईनं स्वतःच्या हातानं ती अंगणातल्या रिकाम्या पेवात टाकली. जमिनीतलं ते धान्याचं पेव, पावसाळ्यात ओल धरलेलं. सहा महिने घोंगडी तिथं पडून होती.

आता मुंजाबा मेंढरं घेऊन लांब गेला होता आणि ती घोंगडी पेवातून काढून, ट्रंकेत घालून लेकाकडं आली होती. लेकानंच सांगितलं, गाव सोडून आलेल्या आवडाबाईचं बिऱ्हाड मुकुंदवाडीतच आहे, टेशनाच्या पलीकडं. बानाबाईनं ठरवलं, घोंगडी परत द्यायची. पण पेवात टाकली होती हे आवडाबाईला कळता कामा नये. आणि तो मेला वास तर ओरडून सांगत होता.

मग ती त्या वासाच्या मागंच लागली. आधी झटकली, तर पांढरी बुरशी भसाभसा उडाली. काथ्यानं घासली. चुलीची कोरडी राख दोन्ही अंगांनी चोळून दिवसभर तशीच ठेवली, संध्याकाळी काठीनं बडवली. दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात बुडवली. पिळली नाही, लोकर पिळली की आक्रसते. दोरीवर नुसती निथळत ठेवली. चैत्राचं ऊन होतं, तीन दिवसांत वाळली. मग घडीघडीत कडुलिंबाचा पाला घातला. एरवी धुतलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ती ताठ राहते. पण खळीलाच बुरशी धरते, म्हणून तिनं खळ दिली नाही. घोंगडी लुळी पडली तर पडली.

आठव्या दिवशी तिनं घोंगडीत तोंड खुपसून हुंगलं. लोकर आणि लिंब. बाकी काही नाही. बानाबाईला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

आवडाबाई दारात गहू निवडत होती. बानाबाईला बघून ती उठली नाही, बस म्हणाली नाही. बानाबाईनं घोंगडी तिच्या पुढ्यात ठेवली.

"घे बाई. सांभाळ म्हणली व्हतीस."

आवडाबाईनं घडी उलगडली. लाल काठावरनं बोट फिरवलं. मग नाकाशी नेली.

"लिंबाचा वास येतोय," आवडाबाई म्हणाली. "लई निगुतीनं ठिवलीस."

"मंग? ठिवणार न्हाई व्हय?"

आवडाबाई गव्हातले खडे बघत बोलली. "दसऱ्याला पोरीचा बाप पाचोडच्या बाजाराला गेला व्हता. तिथून गावाकडं वाकडी वाट करून गेला. मीच धाडलं. म्हणलं, पाऊस उघडला की धनगराच्या अंगणात समद्या घोंगड्या उन्हात पडत्यात. आपली दिसली तर समजा, गावात एक घर आपलं हाय. परत जाऊ." तिनं एक खडा बाजूला टाकला. "आठ घोंगड्या व्हत्या म्हणे. आपली नव्हती."

बानाबाईच्या ओठावर मुंजाबाचं नाव आलं होतं. तो म्हणाला म्हणून, असं सांगता आलं असतं.

"म्या पेवात टाकली व्हती," ती म्हणाली. "भ्याले म्या."

"मला वाटलं व्हतं, जाळली आसंल."

एवढं बोलून आवडाबाई उठली. घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर आली. रस्त्यालगत तारेचं कुंपण होतं. माणसं सायकलींवर कंपनीतून सुटून चालली होती.

"आता कशाला उन्हात?" बानाबाई मागनं म्हणाली. "वास गेला की."

"वास गेलाय. दसऱ्याचं ऊन राह्यलंय तिचं."

तिनं घोंगडी तारेवर टाकली, लाल काठ रस्त्याच्या बाजूला. एक कोपरा खाली लोंबत होता. बानाबाई पुढं झाली आणि तो तिनं धरला. इतक्या महिन्यांनी तिला रडू आलं, आणि सायकलवाल्यांच्या देखत ती कोपरा धरून तशीच रडत उभी राहिली.