सावलीचा दगड

त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली घड्याळमास्तर म्हणायची. जुन्या मशिदीच्या अंगणात एक कोरीव दगड होता, उत्तरेशी जुळवून जरा तिरका बसवलेला, त्यात लोखंडी खिळा. खिळ्याची सावली मधल्या रेघेपलीकडे सरकली की मास्तर हात वर करायचे आणि दुपारची अजान व्हायची. असं चाळीस वर्षं. दगडाला घड्याळाशी ताडून बघायचं नाही, ही त्यांच्या उस्तादांची ताकीद. मास्तर तर उस्तादांच्याही वरताण. घरातलं घड्याळसुद्धा दगडावरून लावायचे आणि जगाचं घड्याळ चुकतंय म्हणायचे.

पुढे मशिदीची ऐतिहासिक वास्तू झाली, तिकीट लागलं, मास्तर घरी बसले. डोळेही गेले. आज त्यांच्या शिंपीकाम करणाऱ्या लेकीने दुकान बंद ठेवून त्यांना आणलं. कमानी, मिहराबाचा कोनाडा, छतावरच्या कुराणातल्या आयती, सगळं तिने वर्णन करून सांगितलं. मास्तरांचा जीव मात्र दगडापाशी. दगडाभोवती आता दोरी होती, हात लावायला मनाई.

"सावली कुठे आहे?"

"रेघेच्या चार बोटं पुढे गेली, अब्बा."

"वाजले किती?"

"बारा पाच." मग तिने हौसेने मोबाइल बघितला. "आज दुपारची वेळ बारा एकतीसला लागते."

बोलून गेली आणि तिची तिलाच चूक कळली. मास्तर मटकन पायरीवर बसले.

"वेळेआधीची नमाज होत नाही, पोरी. चाळीस वर्षं मी लोकांना आधीच उभं केलं."

लेक कुणाला तरी विचारायला धावत सुटली. झाडूवालीने तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "गेल्या वर्षी फरशी बदलली तेव्हा दगड उचलला होता. तिरका दिसतो म्हणून साहेबांनी दारासमोर सरळ बसवला." लेकीच्या जिवात जीव आला. झाडूवालीला ओढतच तिने अब्बांसमोर उभं केलं. पण एवढ्यात पहारेकरी येऊन ठाकला.

"इथलं काही हललेलं नाही. पाटीवर लिहिलंय, दगड मूळ जागी आहे."

झाडूवालीने मान खाली घातली. "मला काय माहीत, बाई." पोटावर पाय कोण ओढवून घेणार?

"अब्बा, खरंच हलवलाय हो! हिनेच आत्ता सांगितलं!"

मास्तरांनी लेकीचा हात शोधून थोपटला. "तुझी अम्मी जायच्या आदल्या दिवशीही तू म्हणाली होतीस, डॉक्टर म्हणतात बरी होईल."

तिला रडू कोसळलं. आयुष्यात बापाच्या भल्यासाठी ती शंभर वेळा खोटं बोलली होती, आणि आज खरं बोलत होती तर ते कवडीमोलाचं झालं होतं.

"माझ्या नमाजा मी परत पढेन, जमतील तेवढ्या," मास्तर म्हणाले. "बाकीच्या लोकांतले निम्मे तर कबरीत गेले. त्यांना कोण सांगणार?"